कन्हेरीची चढण

अण्णा पाटबंधारे खात्यात पाटकरी होते, त्यामुळं पिंपळीत राहूनही आम्ही गावात असे राहत नव्हतो. कालव्याच्या भरावाला लागून खात्याच्या दगडी खोल्या होत्या, त्यातल्या दोन आमच्या. शेतकऱ्यांच्या पाळ्या लागतील तशी कालव्याची दारं उघडायची आणि मिटायची, हे अण्णांचं काम. दाराचं लोखंडी चाक फिरवताना जो कर्र आवाज यायचा, त्यावरून आई स्वयंपाकघरात बसून सांगायची की आता पाणी कुणीकडं चाललंय. घराला घड्याळ होतं, पण ते कुणी बघत नसे. कारखान्याचा भोंगा, पहाटेची पहिली एसटी आणि अण्णांच्या चपलांचा भरावावरचा आवाज, एवढ्यावर आमचा दिवस चालायचा. रात्रंदिवस पाणी वाहत असल्यामुळं आम्ही सगळे जरा मोठ्यानं बोलायचो. अजूनही माझ्या वर्गातली मुलं मला सांगतात, बाई, तुम्ही रागावला नसला तरी रागावल्यासारख्या बोलता. त्यांना काय सांगू, माझं बोलणं पाण्याशी स्पर्धा करत वाढलंय.

पळायला मी शिकले असं म्हणता येणार नाही. अण्णा सकाळी लांबच्या दारावर गेलेले असायचे आणि भाकरी गरम असतानाच त्यांच्यापर्यंत पोचली पाहिजे असा आईचा आग्रह असायचा. फडक्यात बांधलेली बाजरीची भाकरी, वर ठेचा आणि कांदा, ती पोटाशी धरून मी भरावावरनं पळत जायची आणि पळतच परत येऊन शाळेला जायची. पुढं बारामतीला कॉलेजात गेले तेव्हा खेळाच्या सरांनी मला मैदानावर दोन चकरा मारायला लावल्या आणि विचारलं, सराव कुठं करतेस. मी म्हणाले, सराव नाही करत, भाकरी पोचवते. सर हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की दिवाळीच्या अगोदर शहरातलं एक क्रीडा मंडळ अर्धमॅरेथॉन घेणार आहे, मुलींचा गट वेगळा आहे, पहिल्या काहींत आलीस तर विद्यापीठाच्या निवडीला तुझं नाव पाठवतो. मी होकार दिला. रस्ता कुठून जातो ते नंतर कळलं. शहरातून निघून कन्हेरीकडं, तिथून वनखात्याच्या जंगलातल्या टेकड्यांवर, एक चढ, एक उतार, परत एक चढ, आणि मग माघारी. आणि मी आयुष्यभर पळाले होते ती कालव्याकाठी, जिथं पाणी जेमतेम वाहतं राहील एवढाच उतार इंजिनिअर लोकांनी ठेवलेला असतो. पहिल्यांदा मी कन्हेरीच्या टेकडीवर पळून बघितलं तेव्हा अर्ध्या वाटेत कमरेवर हात ठेवून उभी राहिले आणि उलटी झाली.

आमच्या घरात चढ ठाऊक असलेलं एकच माणूस होतं, आणि ते तेव्हा बोलत नव्हतं.

कमलवहिनी भोरच्या वरची, डोंगरातल्या वाडीतली. विलासदादाशी लग्न होऊन ती आली तेव्हा पहिल्या दिवशी भरावावर उभी राहून चारी बाजूंना बघत राहिली. मी विचारलं, काय बघतेस, तर म्हणाली, तुमच्याकडं नजर कशालाच अडत न्हाय गं, मला पडल्यासारखं वाटतंय. ती माझ्यापेक्षा तीन-चार वर्षांनीच मोठी. हसायची मोठ्यानं, गायची त्याहून मोठ्यानं, आणि आईला ते आवडायचं, पण आई तसं दाखवायची नाही. पहिल्या वर्षी धम्मचक्र प्रवर्तन दिनाला विहारात खीर वाटताना वहिनीनं असं काही गाणं म्हटलं की गावातल्या बाया अजून तिला गाणारी सून म्हणतात. त्यानंतरच्या माघात तिला दिवस गेल्याचं कळलं. अण्णांनी कुठून तरी आवळे आणले, दादा कंपनीतून येताना रोज पेरू आणायला लागला. पण पावसाळ्याच्या तोंडाला, सहावा संपून सातवा लागलेला असताना, तिच्या पोटात दुखायला लागलं आणि तिला दवाखान्यात न्यावं लागलं. मी तेव्हा लासुर्ण्याला आत्याकडं होते. परत आले तेव्हा वहिनी भिंतीकडं तोंड करून निजली होती आणि आई चुलीपाशी बसून नुसत्या जाळाकडं बघत होती. बाळ गेलं, एवढंच आई म्हणाली. मग मला बाहेर नेऊन सांगितलं की घरात आता हा विषय काढायचा नाही, तिच्यापुढं तर अजिबात नाही. विसरायला सोपं जाईल.

कुणी विषय काढला नाही. शेजारपाजारच्या बाया यायच्या, बसायच्या, पावसापाण्याचं बोलून जायच्या. दादा पेरू आणायचा थांबला. वहिनी सगळी कामं करायची, भांडी, धुणी, भाकरी, पण घरात कुणी आहे असं वाटायचं नाही. एरवी पाण्याच्या आवाजावर आवाज चढवणारं आमचं घर त्या पावसाळ्यात इतकं हळू बोलायला लागलं की रात्री जेवताना कालव्याचं पाणी ताटात आल्यासारखं ऐकू यायचं. आता या वयात मला वाटतं, आईचं चुकलं असं तरी कसं म्हणू. तिच्या सासूनं तिच्या वेळी तिला तसंच सांभाळलं होतं, तोंड मिटून. तिला दुसरी रीत ठाऊकच नव्हती.

पण एका सकाळी मी पळून आले आणि अंगणात बसून आईला सांगत होते की चढ आला की माझं काय होतं. वहिनी राखेनं तांब्या घासत होती. मान वर न करता ती म्हणाली, "पावलं लांब टाकत आसशील. चढाला पावलं बारीक लागत्यात." कित्येक दिवसांनी कुणी न विचारता तिनं बोललेलं ते पहिलं वाक्य. आई तव्यावरची भाकरी उलटायची थांबली. भाकरी करपली, तरी तिनं हात हलवला नाही. संध्याकाळी मला एकटीला गाठून आई म्हणाली की उद्यापासनं हिला संगं घिऊन जा, टेकडी दाखवायला म्हणून ने, पळायचं म्हणू नको. वहिनीला हे झेपेल का ते दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना आईनं आधीच विचारलं होतं, हे मला पुढं बऱ्याच दिवसांनी समजलं.

त्या दिवसांतली सकाळ मला आजही अंगावर येते, चांगल्या अर्थानं. भाद्रपद सरत आलेला, बाजऱ्या कणसांवर आलेल्या, तुरीला पिवळी फुलं लागायची होती. उजाडायच्या आत आई हुलग्याचं माडगं करून ठेवायची. हुलग्याचं पीठ पाण्यात कालवून, गूळ घालून शिजवलेलं ते पातळ, तपकिरी, गरम माडगं आम्ही दोघी चुलीपाशी उभ्यानंच प्यायचो. हुलगं घोड्याला घालत्यात, प्या मुकाट्यानं, असं आई म्हणायची. मग भरावावरनं, करंजांच्या ओळीतनं, पुढं रस्त्याला लागून कन्हेरीकडं. पहिले काही दिवस वहिनी साडीतच, पदर खोचून, पायात काही न घालता भराभर चालायची आणि मी पळायचे, तरी टेकडीच्या माथ्यावर ती माझ्या आधी असायची. मग तिनं माझा जुना पंजाबी ड्रेस घातला आणि दादाचे कॅनव्हासचे बूट, पुढं कापूस कोंबून. ती मला शिकवत होती असं तिनं कधी जाणवू दिलं नाही. चढाशी भांडायचं नाही, म्हणायची. माथ्यावर पोचलं की हरखून लगेच सुटायचं नाही, आधी श्वास जाग्यावर येऊ द्यायचा. उतारावर अंग मागं टाकलं की गुडघे रात्री बोलतात. शाळेत असताना ती रोज दोन डोंगर ओलांडून जायची, आणि तिथल्या खेळांमध्ये पळण्यात तिचा नंबर यायचा, हेही मला तिथंच माळावर कळलं. गवत तेव्हा कमरेएवढं असायचं आणि कधी कधी हरणांचा कळप आम्हांला बघून एकदम थबकायचा. वहिनी त्यांच्याकडं बघत उभी राहायची. बोलायची नाही, पण ते न बोलणं घरातल्या न बोलण्यासारखं नव्हतं.

शर्यतीला नाव द्यायची वेळ आली तेव्हा जेवताना आई अण्णांना म्हणाली, नाव देताना दोन द्या. दादाच्या हातातला घास तसाच राहिला. तो वाईट माणूस नव्हता, आजही नाही, पण त्याला भीती वाटली. लोक काय म्हणतील ही एक, आणि हिला काही झालं तर ही दुसरी, आणि दुसरी खरी होती. त्यानं तसं सांगितलंही, की तिला परत दवाखान्यात न्यायची ताकद माझ्यात नाही. आई त्याच्याकडं बघून म्हणाली, "आरं, ती हितं बसून झिजाय लागलीय, ते दिसत न्हाय व्हय तुला?" दादानं घास खाल्ला. दुसऱ्या दिवशी तो बारामतीहून येताना वहिनीच्या मापाचे बूट घेऊन आला आणि तिच्या हातात न देता दारात ठेवून आत गेला.

शर्यतीच्या दिवशी पहाटे गारवा होता, पण ऑक्टोबरच्या उन्हाचा काही भरवसा नसतो. मैदानावर ही गर्दी. पोरं बरीच, मुली थोड्या, आणि लग्न झालेली एकटी वहिनी. गळ्यात काळी पोत, ओढणी छातीवरून तिरकी बांधलेली. दोन पोरी तिच्याकडं बघून आपसात काही बोलल्या. वहिनीनं ऐकलं असावं, कारण तिनं ओढणीची गाठ जरा अजून आवळली. आई आणि अण्णा मैदानाच्या कडेला लिंबाखाली बसले होते. दादा सायकल घेऊन पुढं गेला होता, कुठं उभा राहणार ते त्यानं सांगितलं नव्हतं.

शहराबाहेर पडेपर्यंत आम्ही दोघी बरोबर होतो. मी चांगली पळत होते. सपाटीवर मी सपाटीचीच पोर होते, आणि एकेक मुलगी मागं टाकत गेले. वहिनी माझ्या डाव्या अंगाला, खांद्याच्या जरा मागं, तिचा श्वास मला ऐकू येत होता. कन्हेरीत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना बाया कळशा आणि पेले घेऊन उभ्या होत्या. धोतर नेसलेले एक तात्या खुर्ची टाकून बसले होते, ते येणाऱ्या प्रत्येकाला एकच सांगत होते, "दमानं घ्या, अजून म्होरं लई हाय." पहिला चढ मी तिनं शिकवला तसा चढले. उतारावर ऊन समोरून यायला लागलं. आणि दुसऱ्या चढाच्या तळाशी माझे पाय संपले. दम नव्हे, पाय. पोटऱ्यांत गोळे आले आणि पाऊल उचललं की ते जमिनीतनं उपटून काढल्यासारखं वाटायला लागलं. मी चालायला लागले. वहिनीही चालायला लागली. वरून उतरून येणारा वारा होता, गवत सगळं एका बाजूला झुकत होतं, आणि आम्ही मागं टाकलेल्या मुलींपैकी एक आम्हांला ओलांडून गेली.

अर्ध्या चढावर वहिनी म्हणाली, "शैला, मी म्होरं जाऊ का?"

मी तिच्याकडं बघितलं. तिचा चेहरा लाल झाला होता, केस कपाळाला चिकटले होते, आणि डोळे वर, माथ्याच्या पलीकडं कुठंतरी होते. मला तेव्हा काय वाटलं ते मी खरंखरं सांगू शकते, कारण ते मी कधी विसरले नाही. मला एक क्षण वाईट वाटलं. निवडीचं नाव, सरांचा शब्द, सगळं डोळ्यांपुढून गेलं. आणि मग लक्षात आलं की आमच्या घरात आल्यापासून तिनं स्वतःसाठी मागितलेली ही पहिली गोष्ट आहे.

"जा की," मी म्हणाले.

ती गेली. बारीक पावलांनी, वाकलेल्या अंगानं, अशी काही गेली की वाटेतल्या पोरांनी बाजूला होऊन वाट दिली. मघाची ती मुलगी तिनं माथ्याच्या आत गाठली. माथ्यावर दादा उभा होता, सायकल गवतात टाकून. त्यानं हात वर केला, मग खाली घेतला, आणि ती त्याच्या शेजारून गेली तेव्हा तो तिच्या बाजूनं थोडं अंतर पळालाही, पँटची घडी मोडेल याची काळजी न करता. तिनं वळून माझ्याकडं बघितलं नाही. मला त्याचं फार बरं वाटतं, आजसुद्धा. ती थांबली असती, परत फिरली असती, मला हात देऊन वर ओढत नेलं असतं, तर लोकांनी आमच्या नणंद-भावजयीचं कौतुक केलं असतं आणि तिचं पळणं तिथंच संपलं असतं. माझ्याकडं शाळेतल्या मुली येतात, विचारतात, बाई, मैत्रीण मागं पडली तर काय करायचं. मी सांगते, तिला विचारा, आणि ती जा म्हणाली तर जा. जा म्हणणारीलाही त्यातून काहीतरी मिळतं. काय ते मला अजून नीट सांगता आलेलं नाही.

मी शेवटच्या मुलींत पोचले. वहिनी दुसरी आली होती. पण बक्षिसाच्या मांडवापाशी ती नव्हती. लिंबाखाली आई बसली होती आणि वहिनी तिच्या शेजारी, गुडघे पोटाशी घेऊन. अण्णा कुठंतरी सरबत आणायला गेले होते. मी लंगडत तिथवर गेले तेव्हा वहिनी बोलत होती, आणि तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीत मीठ टाकलं का असं विचारावं तसा.

"आत्याबाई, वर चढताना मला हाक मारावी वाटत व्हती. पर कुणाला मारू? पोरगा व्हता का पोरगी, ते बी मला कुणी सांगितलं न्हाय."

मी खाली बसले. इतके महिने आम्ही तिला सांभाळत होतो आणि हे तिला माहीत नव्हतं. मलाही माहीत नव्हतं. मी विचारलंच नव्हतं. माझी आई कमी बोलणारी बाई, आणि तिला रडताना मी तोपर्यंत पाहिलेलं नव्हतं. तेव्हाही ती रडली नाही. तिनं वहिनीच्या पायातला बूट हळूच काढला, मग दुसरा, आणि तळपाय आपल्या मांडीवर घेऊन चोळत चोळत सांगायला लागली.

"पोरगी व्हती. जावळ लई व्हतं, काळंभोर. बोटं लांब, तुझ्यावाणी. माझं पांढरं लुगडं व्हतं ना, त्यात गुंडाळली. तू सुदीत नव्हतीस. ह्यांनी खड्डा खांदला आन म्या निजवली." मग ती म्हणाली, "कालव्याच्या करंजाखाली हाय. शेवटच्या."

वहिनी म्हणाली, "मी तर रोज तितनंच जाती."

"व्हय," आई म्हणाली. "म्या दारात हुबी राहून बघत आसती की."

तेव्हा वहिनी रडली. डोकं आईच्या खांद्यावर ठेवून, मोठ्यानं, तिच्या गाण्याच्या आवाजात. मांडवातली माणसं वळून बघायला लागली. कुणी तरी विचारलं, दुसरी आलेली बाई ती हीच ना, पहिला नंबर गेला म्हणून रडतेय का. अण्णा सरबताचे पेले घेऊन आले, ते पुढं न येता तिथंच पाठ करून उभे राहिले, आडोसा धरावा तसे. दादा सायकल ढकलत आला आणि अण्णांच्या शेजारी उभा राहिला. मांडवातून वहिनीचं नाव तीनदा पुकारलं गेलं. शेवटी बक्षीस घ्यायला मी गेले.

सरांनी माझं नाव काही निवडीला पाठवलं नाही, वहिनीचं पाठवायला ते तयार होते, पण ती कॉलेजात नव्हती. पुढं मी खेळाची शिक्षिका झाले, वहिनीला दोन मुलगे झाले, त्यातला धाकटा सैन्यात आहे. पिंपळीला गेले की आम्ही अजून टेकडीवर जातो आणि माथ्यावर ती माझ्या आधी असते. पण मला सांगायचंय ते शर्यतीच्या दुसऱ्या दिवसाचं.

त्या सकाळी माझे पाय इतके दुखत होते की मी उठणार नव्हते. पण चुलीपाशी तिघींचं बोलणं, म्हणजे दोघींचं आणि पाण्याचं, ऐकू आलं म्हणून उठले. आई लुगड्याचा काष्टा घालून, डोक्याला फडकं बांधून तयार होती. मी पळणार न्हाय, नुसती चालन, असं तिनं मला न विचारताच सांगितलं. आम्ही तिघी भरावावरनं निघालो. उसावर धुकं होतं आणि पाण्यातून वाफ निघत होती. शेवटच्या करंजापाशी आई थांबली. तिथं काही खूण नव्हती, गवत होतं आणि करंजाच्या वाळलेल्या शेंगा पडल्या होत्या. वहिनी खाली बसली, हातानं जागा साफ केली, आणि जमिनीवर तळवा टेकवून राहिली. मग आई माझ्याकडं वळली.

"नाव आत्यानं ठिवायचं आसतं," ती म्हणाली. "ठिव."

मी अठरा-एकोणीस वर्षांची होते. बारशाला आत्या काय करते ते मी पाहिलं होतं, पण तिथं पाळणा असतो, कान असतो. मी वहिनीच्या शेजारी वाकले आणि गवताजवळ तोंड नेऊन म्हणाले, "सुजाता." आणि पाण्याच्या आवाजात आई-वहिनीला ऐकू यावं म्हणून परत एकदा मोठ्यानं म्हणाले.

आईनं मान हलवली. वहिनीनं ते नाव एकदा तोंडातल्या तोंडात घेतलं, मग उठून उभी राहिली आणि कालव्याच्या पाण्यावरून, पलीकडच्या शेतांपर्यंत जाईल अशी हाक मारली. पलीकडं पाणी धरत असलेल्या कुणीतरी मान वर करून बघितलं.

"चल," वहिनी मला म्हणाली, "ऊन व्हतंय." आणि ती पळायला लागली.